आठ इंचांचा जिना

दामू मिस्त्री कुणाच्याही घरी गेला, की आधी जिन्याला भेटायचा. घरमालक "या, या" करत दारात उभा आणि हा चप्पल काढून पहिल्या पायरीवर आपलं पाऊल ठेवून बघतोय. टाच बाहेर लोंबकळली की मान हलवायचा. "जिना न्हाई हा, शिडी हाय. मला च्या हितं खालीच द्या."

वडवणीत त्याच्या हातचा जिना म्हणजे अकरा इंच रुंद पायरी. ती पास करायची त्याच्या बायकोनं. रुक्मिणवहिनी डोक्यावर काठोकाठ भरलेला हंडा घेऊन चढायच्या; थेंब सांडला, की दामू ती पायरी फोडून पुन्हा बांधायचा. दुष्काळाच्या वर्षी वहिनी कडाडल्या, "सांडलं तर प्यायचं काय, तुमचं माप?" तेव्हापासून हंड्यात बाजरी आली. परीक्षा तीच.

त्याच वर्षी आमच्या गावच्या शेतकी सोसायटीच्या कचेरीवर मजला चढला. मी सोसायटीचा सेक्रेटरी. अकरा इंचांनी जिना लांबत होता, वरच्या खोलीत घुसत होता आणि माझं टेबल खिडकीपाशी बसेना. मला वारा हवा होता.

"आठ इंच कर," मी म्हणालो.

"साहेब, कडेवर लेकरू अन् डोक्यावर गाठोडं असल्यावर बाईला सोताचा पाय दिसत न्हाई. पायरीनंच तिला धरायचं असतंय."

"मी सांगतो ना! जबाबदारी माझी."

वहिनींची परीक्षा मी होऊच दिली नाही.

महिनाभरात चेअरमन घसरले, ते सातव्या पायरीवरून थेट पेंडीच्या पोत्यांवर. "कुणी बांधला बे हा जिना?" पडल्या पडल्याच ते ओरडले. सगळ्यांनी दामूकडे पाहिलं. मीही पाहिलं. 'साहेबांनी सांगितलं' एवढंच त्यानं म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही. मीही बोललो नाही. गावानं त्याला 'पाडू मिस्त्री' केलं आणि कामं माजलगावच्या गवंड्यांकडे गेली.

पुढे दर आठवडी बाजाराला दामू त्या जिन्याच्या तळाशी येऊन बसू लागला. चाऱ्याच्या पावत्यांसाठी गर्दी असे. "पाडू, आज कुणाचा नंबर बे?" लोक विचारत. वर माझ्या टेबलापर्यंत त्याची पुटपुट यायची, शब्द कळायचे नाहीत. मला वाटे, मलाच शिव्या देतोय. संध्याकाळी मी मान खाली घालून त्याच्या बाजूनं निघून जायचो.

परवा, इतक्या वर्षांनी, त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "दामू, ते माप माझं होतं."

"मग गावाला सांगा की. मला कशापायी सांगता? मला ठाव हाय."

म्हणून हे लिहितो आहे. पण तेव्हा मी आणखी एक विचारलं, "मग दर बाजाराला तिथं येऊन का बसायचास?"

काहीच कसं कळत नाही या माणसाला, असं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बाया उतरायच्या ना, साहेब. कुणीतरी खालून सांगाय नको का? पाय आडवा टाक, माय. आता पाच ऱ्हायल्या. आता दोन. आता जमीन."