राणीचं तोंड

होणारे व्याही अकराला येणार होते आणि आपल्याला घरात कोणी काहीच काम सांगत नाही, हे लक्षात आल्यावर निकोलसने ठरवलं, की तेवढ्यात राणीचं तोंड बघून घ्यावं. सगळा घोटाळा इथून सुरू झाला. मटिल्डाने त्या सकाळी आपल्याला एखादं काम दिलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, असं तो अजूनही म्हणतो. (मटिल्डाचं म्हणणं, काम दिलं होतं. अंघोळ करून गप्प बसायचं.)

राणी म्हणजे व्हिक्टोरिया. फोर्टातल्या ऑफिसातून रिटायर होऊन उमराळ्याच्या घरी बसल्यापासून निकोलसला पोस्टाच्या जुन्या तिकिटांचा नाद लागला होता. त्याच्याकडे राणीच्या चेहऱ्याची, चार आण्यांची दोन हिरवी तिकिटं होती आणि ती अगदी सारखी आहेत अशी त्याची समजूत होती. मागच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर व्हॅलेरियन सरांनी ती समजूत मोडली. सर शाळेतून निवृत्त झालेले. तिकिटांच्या बाबतीत सगळ्या पंचक्रोशीत त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांनी सांगितलं, की हे तिकीट दोन वेगवेगळ्या साच्यांतून छापलं गेलं. पहिल्या छपाईत राणीचं तोंड घट्ट मिटलेलं आणि हनुवटी टोकदार. काही वर्षांनी साचा नवा केला, त्यात तोंड किंचित उघडं आणि हनुवटी गोल. तुझ्याकडे दोन्ही निघाली तर आपल्या तिकीट मंडळाच्या हॉलमधल्या प्रदर्शनात मधलं टेबल तुझं, असं सर म्हणाले. फक्त पुढच्या रविवारी दुपारच्या आत नक्की काय ते कळव.

मधल्या टेबलाचं महत्त्व बाहेरच्याला कळणार नाही. गेल्या वर्षी निकोलसला जिन्याखाली जागा मिळाली होती आणि त्याची तिकिटं फक्त एका गृहस्थाने पाहिली होती. तेही हरवलेली छत्री शोधत आले होते.

तर आठवडाभर भिंगातून बघूनही काही ठरलं नाही आणि रविवार उजाडला. पहिल्या तिकिटाची काही अडचण नव्हती; राणीने तोंड असं मिटलं होतं की जणू नवऱ्याशी अबोला धरलाय. दुसऱ्या तिकिटाने मात्र जीव खाल्ला. पोस्टाचा शिक्का नेमका गालावरून हनुवटीपर्यंत गेलेला. भिंगातून बघावं तर ओठ उघडे दिसायचे, भिंग जरा हललं की मिटायचे. खिडकीशी नेऊन बघितलं, देवघराच्या दिव्याखाली बघितलं. मग त्याला वाटलं, मागूनही एकदा तपासून घ्यावं. या जुन्या कागदात हत्तीच्या डोक्याची छुपी खूण असते आणि तिकीट काळ्या भांड्यात पेट्रोलने ओलं केलं की ती उमटते. निकोलसने स्कूटरमधून थोडं पेट्रोल काढलं. काळं भांडं म्हणून मटिल्डाच्या केकच्या टिनाचं झाकण घेतलं. (केक झाला होता, म्हणजे झाकण मोकळं होतं, असा त्याचा हिशोब.)

पाहुणे अर्धा तास आधीच आले.

हे पाहुणे साधे नव्हते. त्यांचा जेन्सन आणि निकोलसची ब्रिटनी यांचं जमून बरेच दिवस झाले होते, पण जेन्सनच्या आईच्या, कॅथरिनबाईंच्या मनात दुसरी मुलगी होती. त्यांनी सातिवलीतल्या एका कारखान्याचं ऑफिस वर्षानुवर्षं एकहाती चालवलेलं. आता नायगावच्या टॉवरमधली सोसायटी चालवत होत्या. ब्रिटनीबद्दल त्या आजवर ‘बघू’ एवढंच म्हणाल्या होत्या, आणि आज त्या बघायला आल्या होत्या. धिप्पाड बाई, अंगावर निळसर हिरवी रेशमी साडी, आणि बोलणं गाडीतून उतरण्याआधीच सुरू. मागून जेन्सन, आणि त्याच्यामागे त्यांचे यजमान रिचर्ड, हातात मिठाईचा पुडा घेऊन, न बोलता.

घरात उकडतं म्हणून मटिल्डाने सगळ्यांना ओटीवर बसवलं. घरी सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी आली, केक आला. कॅथरिनबाईंनी नायगावचं पाणी, तिथली लिफ्ट आणि जेन्सनचं बालपण हे विषय एकाच दमात घेतले. निकोलस मान हलवत होता, पण मन झाकणात भिजत पडलेल्या राणीपाशी. तेवढ्यात रिचर्ड हवेत नाक फिरवून हळूच म्हणाले, की पेट्रोलचा वास येतोय. आपल्याच गाडीतून गळत असणार असं ठरवून ते अंगणात गेले आणि रविवारच्या पांढऱ्या शर्टानिशी गाडीखाली शिरले. निकोलसला खरं तर तेव्हाच सांगता आलं असतं. पण नेमका व्हॅलेरियन सरांचा फोन वाजला आणि तो ‘ऑफिसचा आहे’ म्हणत आत पळाला. रिटायर माणसाला रविवारी कुठल्या ऑफिसचा फोन येतो, हे विचारण्याइतका वेळ त्याने कोणाला दिला नाही.

खोलीचं दार त्याने लावून घेतलं. खिडकी लावली नाही. ती ओटीवर उघडत होती.

आणि व्हॅलेरियन सरांना कमी ऐकू येतं.

“तोंड उघडं आहे सर,” निकोलस म्हणाला. सरांना ऐकू गेलं नाही. तो घसा ताणून म्हणाला, “उघडं. सारखं बघतोय, मिटलेलं काही दिसत नाही.”

सरांनी हनुवटीचं विचारलं.

“हनुवटी गोल. खाली गळ्यापर्यंत गोलच गोल.”

रंग?

“हिरवा. पण निळसर. मूळचा नसेल, धुऊन धुऊन उतरलाय.”

मागून बघितलीस का, असं सरांनी विचारलं.

“बघितली ना. मागून तर स्पष्टच हत्ती दिसतो,” निकोलस म्हणाला. मग सर काहीतरी बोलले आणि त्यावर तो आणखी मोठ्याने म्हणाला, “हो सर, जुनी आहे, जागोजागी पातळ झालीय, पण आता आलीच आहे घरात तर ठेवून घेतो. मधल्या टेबलावर बसवू.”

फोन ठेवून तो खुशीत बाहेर आला. कॅथरिनबाईंनी केकची बशी खाली ठेवली होती आणि पर्स मांडीवर घेतली होती. मटिल्डा खांबाला धरून उभी होती. ब्रिटनीचे डोळे भरले होते आणि जेन्सन चपलांकडे बघत होता. पेट्रोलचा वास इतका मनाला लागावा याचं निकोलसला नवल वाटलं. तो पुढे होऊन म्हणाला, की माफ करा, ते मीच ओतलं.

“काय ओतलं?” मटिल्डाने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत निकोलस त्या एकाच आवाजाला घाबरत आलाय.

“पेट्रोल. हत्ती बघायला.”

कॅथरिनबाई उठल्या. त्यांनी ‘रिचर्ड’ अशी हाक मारली आणि गाडीखालून ‘सापडत नाही गं’ असं उत्तर आलं.

शेवटी ब्रिटनीने त्याला कोपऱ्यात ओढलं आणि तो आत काय काय बोलला ते एकेक करून सांगितलं. निकोलसने सगळं ऐकलं. कॅथरिनबाईंच्या होकारासाठी पोरीने वर्षभर वाट बघितली होती, रोज फोनवर होणाऱ्या सासूची मर्जी सांभाळली होती; आणि बापाने खिडकीतून ओरडून पाच मिनिटांत सगळं मोडून ठेवलं. तो आत धावला. पेट्रोलने ओलं तिकीट चिमट्यात, दुसऱ्या हातात भिंग, असा तो कॅथरिनबाईंच्या वाटेत आडवा उभा राहिला आणि घडाघडा सगळं सांगत सुटला: साचे दोन, तोंडं दोन, हनुवट्या दोन, सर बहिरे.

कॅथरिनबाईंनी ऐकून घेतलं. मग हात पुढे केला. भिंग त्यांनी घेतलंच नाही. तिकीट उन्हाकडे धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“हिचं तोंड बंद आहे,” त्या म्हणाल्या.

इथे निकोलसने हो म्हणायला हवं होतं. लहान मुलालाही ते कळलं असतं. पण तो आठवडाभर त्या ओठांकडे बघत होता.

“नाही, उघडं आहे,” तो म्हणाला.

“बंद आहे. वर शिक्क्याची शाई आहे, ती तुम्हाला फट वाटते.”

“कॅथरिनबाई, मी रोज बघतोय.”

“मीही आत्ताच बघितलं.”

“पण हनुवटी...”

“डॅडी,” ब्रिटनी म्हणाली, “बंद म्हणा.”

निकोलसने मुलीकडे पाहिलं. मटिल्डाकडे पाहायची त्याची छाती झाली नाही. मधलं टेबल त्याच्या डोळ्यांसमोरून उचललं गेलं आणि जिन्याखालचा अंधार दिसायला लागला. तो म्हणाला, की हो, आता नीट बघितल्यावर बंदच वाटतंय.

“वाटतंय नाही. आहे.”

“आहे,” निकोलस म्हणाला.

कॅथरिनबाई बसल्या. त्यांनी केकची बशी पुन्हा उचलली आणि मटिल्डाला म्हणाल्या, की माझ्याही घरी हेच आहे, पुरुषांना समोरचं दिसत नाही. तेवढ्यात पाठभर काळं ग्रीस घेऊन रिचर्ड अंगणातून आले आणि गाडी ठीक असल्याचं त्यांनी सांगितलं. दोघी विहिणी त्यांच्याकडे बघून अशा हसायला लागल्या की साखरपुड्याचा दिवस चहा संपायच्या आत ठरला. हॉल नायगावचा, जेवण मटिल्डाच्या पसंतीचं.

दुपारभर निकोलस आरामखुर्चीत पडून होता. मुलीच्या सुखासाठी आज आपण सत्याचा बळी दिला, असं त्याने मटिल्डाला दोनदा सांगितलं. मटिल्डा केकच्या टिनाचं झाकण तिसऱ्यांदा घासत होती.

संध्याकाळी व्हॅलेरियन सर आपलं मोठं भिंग घेऊन स्वतःच आले. निकोलसने मान खाली घालून तिकीट पुढे केलं. सरांनी ते आडवं धरलं, तिरकं धरलं, मग डोळ्यासमोरचं भिंग बाजूला घेतलं.

“बंद आहे रे,” सर म्हणाले. “वर नुसती शाई आहे. दोन्ही पहिल्याच छपाईची. तू मोतीबिंदू काढून घे.”

सरांनी मटिल्डाला विचारलं, की हे आधी कोणाच्या लक्षात आलं होतं का. मटिल्डाने ओरडून सांगितलं, होणाऱ्या विहीणबाईंच्या, तेही साध्या डोळ्यांनी. सरांचा चेहरा खुलला. अशी नजर आपल्या मंडळात कोणाचीच नाही, असं म्हणत त्यांनी कॅथरिनबाईंचा नंबर घेतला. मधल्या टेबलावर त्यांनाच बसवायचं आणि लोकांना छपाया समजावून सांगायच्या, हे त्यांनी तिथल्या तिथे पक्कंही केलं.

“आणि मी?” निकोलसने विचारलं.

सरांना हे मात्र ऐकू गेलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, की आदल्या दिवशी टेबलं उचलायला माणूस लागेलच.

“त्यांची कंबर दुखते,” मटिल्डा म्हणाली. “खुर्च्या उचलायला द्या.”