दुखलं तर हात वर करा

"दुखलं तर हात वर करा," असं दातांचे डॉक्टर प्रत्येक पेशंटला सांगत. आणि हात वर झाला की "झालंच, झालंच," म्हणत काम पुढे रेटत.

त्या दिवशी खुर्चीत स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहायला, शिकवणारे मास्तर होते. डॉक्टरांना जगातल्या यच्चयावत गोष्टींचं कुतूहल, आणि प्रश्न विचारायचे ते नेमके समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबल्यावर.

"मास्तर, पाण्याखाली माणूस दोरीत अडकला तर काय करतो हो?"

"आँ... आँऽऽ!" मास्तरांनी हात वर केला.

"झालंच! आणि घाबरला तर?"

तोंड मोकळं झाल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "रविवारी पोहण्याच्या तलावावर या. प्रत्यक्षच दाखवतो."

डॉक्टर एका पायावर तयार झाले. त्यांची लेक समुद्रात बुडी मारायला जाणार होती आणि "बाबा, तुम्हीपण चला ना," म्हणून मागे लागली होती. पण पाण्याखाली दोरीत अडकण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय मास्तर कुणालाच समुद्रात नेत नसत.

"अडकलात तर हलू नका," काठावर मास्तरांनी बजावलं. "शांत श्वास घ्या आणि हात वर करा. मी सोडवतो."

"हात्तिच्या! एवढंच?"

तळाशी मास्तरांनी मुद्दाम सोडलेली दोरी डॉक्टरांच्या पाठीवरच्या टाकीला अडकली. नक्की कुठे अडकली, हे बघायला डॉक्टर मागे वळले. दोरीही वळली. म्हणून ते आणखी वळले. दोन-चार गिरक्यांत त्यांचा पार भोवरा झाला आणि धाबं दणाणलं. तोंडात नळी, ओरडायचीही सोय नाही! डॉक्टरांनी हात वर केला.

मास्तर सावकाश आले. त्यांनी एक वेढा सोडवला. डॉक्टरांनी दुसराही हात वर केला. मास्तरांनी प्रेमाने मान डोलावली आणि पुढचा वेढा हातात घेतला.

वर आल्याआल्या डॉक्टर कडाडले, "जीव जात होता माझा! हात दिसला नाही?"

"दिसला की! पण दोनच वेढे राहिले होते. पाण्यात बोलता येत नाही, नाहीतर म्हणालोच असतो, झालंच, झालंच!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "म्हणजे मी नापास?"

"गिरक्यांचे मार्क कापलेत. पण हात वेळेवर वर केलात. पास!"

सोमवारी दवाखान्यात खुर्चीतल्या आजीबाईंनी हात जरा वर केला मात्र, डॉक्टरांनी मशीन बंद केलं आणि ते दोन पावलं मागे सरले. "हलू नका आजी! शांत श्वास घ्या! मी आहे इथे!"

"अहो, नाक खाजत होतं माझं," आजीबाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "इतकी वर्षं येतेय, तुम्ही कधी थांबला नव्हतात. खरं सांगा डॉक्टर, तोंडात असं दिसलं तरी काय?"