टाळी वाजली की उठणारा माणूस

आमच्या चर्चमध्ये टाळी वाजली की शांतवनमामा उठतात.

नुसते उठत नाहीत. आधी गुडघ्यावर हात टेकून 'प्रभू रे' म्हणतात. मग बुडाखालचं बस्कर उचलतात, झटकतात, घडी घालून काखेत मारतात आणि पहिल्या रांगेतून थेट मागच्या दारापर्यंत सगळ्या माणसांमधून चालत बाहेर जातात. बाहेर लिंबाचं झाड आहे, त्याखाली उभे राहतात. गाणं संपलं की दारातून मान आत घालून विचारतात, "झालं का?" कुणीतरी मान हलवतं. मग परत तीच वाट, परत बस्कर, परत 'प्रभू रे'. एका उपासनेत टाळ्यांची तीन गाणी असली तर मामा तीनदा जातात आणि तीनदा येतात. वय पंच्याहत्तरच्या पुढचं. दाराशी बसा म्हटलं तर ऐकत नाहीत. तिथं बसले तर त्यांचीही सोय होईल आणि आमचीही, पण नाही.

मी या चर्चची सेक्रेटरी. कशी झाले ते विचारू नका. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, रिटायर झाले, आणि रिकामी बाई दिसली की तिच्या हातात रजिस्टर द्यायचं ही आपल्याकडची रीतच आहे. वाटलं होतं, आता सकाळी उशिरा उठीन, गुडघ्यांना तेल लावीन. त्याऐवजी दर रविवारी दुपारी लोक माझ्या ओट्यावर येऊन बसतात आणि मामांची गाऱ्हाणी सांगतात. मी चहा टाकते, ऐकून घेते. कंटाळा आलाय मला. अगदी खरं सांगते.

उठून जाणं परवडलं, पण मामांचा प्रश्न नको. त्यांना एकच प्रश्न येतो : "कुणासाठी?" वेदीवर कुणी प्लास्टिकची फुलं ठेवली, कुणासाठी? बाप्तिस्म्याला कुणी फोटोवाला आणला, कुणासाठी? एकदा सणाला मी नवी साडी नेसून गेले. मामा दारातच म्हणाले, "सिस्टर, साडी लई झ्याक हाय. कुणासाठी?" मी म्हटलं, मामा, मग उघडी येऊ का? ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, तेबी खरं हाय. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी तेवढी एकदाच जिंकलेय.

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, शिकून आलेले आहेत. लोकांना झोप येऊ नये म्हणून उपदेशात एखादा विनोद घालतात. त्यांच्या पहिल्याच रविवारी मामांनी त्यांना लिंबाखाली गाठलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, साहेब, तो विनोद कुणासाठी होता? आमी हसलो, पर देव हसला का? पाळकसाहेब त्या दिवशी माझ्याकडे जेवायला होते. दुसरी भाकरी घेतली नाही बिचाऱ्यांनी.

एका नाताळाला एक पुढारी आले होते. निवडणूक जवळ होती, म्हणजे ते येणारच. कमिटीनं शाल-नारळ आणून ठेवला. नाव पुकारल्याबरोबर टाळ्या, आणि टाळ्यांबरोबर मामा उठले. उठता उठता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, या घरात सत्कार एकाचाच असतोय. पुढाऱ्यांना ते नीट कळलं नाही. त्यांना वाटलं, म्हातारा हार आणायला निघालाय. ते मान वाकवून किती तरी वेळ तसेच उभे होते.

पाळकसाहेबांनी त्यांची समजूत काढायचा प्रयत्न केला नाही असं नाही. शास्त्र उघडून दाखवलं. डफ आहे, झांजा आहेत, मोठ्यानं गा असं लिहिलंय, खुद्द राजा देवाच्या कोशापुढं, म्हणजे कराराच्या पवित्र पेटीपुढं, नाचलाय. मामांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "नाचला की. पर कोशाकडं तोंड करून नाचला, साहेब. लोकांकडं तोंड करून न्हाई." मामांचं हेच दुखणं आहे. त्यांचं म्हणणं खोडता येत नाही आणि त्यांच्याबरोबर उपासनाही करता येत नाही.

आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मं गाव कोयत्यावर जातं. ऊस तोडायला. कुणी कर्नाटकात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी इथंच माजलगावच्या कारखान्याला. चर्चची निम्मी मंडळीही जाते. मग सगळा नाताळ आम्हा म्हाताऱ्यांच्या आणि घरी राहिलेल्या लेकरांच्या भरवशावर. लोक तिकडं उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपड्यांत, कोप्यांत राहतात. ना त्यांना चर्च, ना पाळक. सणाच्या दिवशीसुद्धा मोळ्या बांधायच्याच असतात.

विशाल हा आमचा पेटीवाला. आता पेटी जाऊन कीबोर्ड आलाय. मोबाइलचं दुकान आहे त्याचं. त्याचे आई-बाप दोघंही या वर्षी सांगलीकडं कोयत्यावर गेलेले. त्यानं यंदा डिसेंबरात टूम काढली : उपासना फोनवरून तिकडं दाखवायची. तिकडच्या टोळीत आपली दहा-बारा माणसं आहेत, रविवारी सकाळी घटकाभर बसतील. कल्पना चांगली होती, मीही हो म्हटलं. विशालनं तीन पायांचा स्टँड आणला, वेदीसमोर मांडला, फोन बसवला. सगळं जमून आलं. फक्त स्टँड नेमका मामांच्या पाठीमागं आला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिलंच गाणं टाळ्यांचं. मामा उठले. गुडघ्यावर हात, 'प्रभू रे', बस्कर उचललं. पण वाटेत आता स्टँड! मामांना त्याच्या बाजूनं जाता येईना आणि बसायचं तर नव्हतंच. मग ते तिथंच उभे राहिले, बस्कर काखेत मारून, फोनला पाठ लावून. आख्खं गाणं तसेच. सांगलीकडच्या माणसांना त्या दिवशी ना वेदी दिसली, ना कीबोर्ड, ना पाळकसाहेब. दिसली ती मामांची पाठ आणि धोतराचा सोगा. गाणं संपल्यावर मामा वळले आणि थेट फोनमध्ये तोंड घालून म्हणाले, "झालं का?"

विशाल पांढराफटक पडला. त्याच्या मेहनतीची माती झाली होती, राग येणारच. संध्याकाळी कमिटी बसली. एक तर मामांनी गप बसून राहायचं, नाही तर नाताळाच्या उपासनेला यायचं नाही, असं ठरलं. आणि हे त्यांना कुणी सांगायचं? सेक्रेटरीनं. इंजेक्शन कुणी द्यायचं तर सिस्टरनं, ही माझी जन्माची गत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मामा अंगणात शेरडांना पाला टाकत होते. दोन शेरडं आणि ते, एवढंच घर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगी होती, रूथ. ती मी या गावात बदली होऊन येण्याआधीच गेली, तापानं, असं ऐकून होते. मी बाजेवर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सुई टोचायची तर पटकन टोचावी. मामांनी पाला टाकणं थांबवलं नाही. म्हणाले, मंग न्हाई येत. कमिटीचं बरूबर हाय.

मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. मीच चिडले. म्हटलं, मामा, असं कावून करता? टाळीनं काय बिघडतं तुमचं? लेकरं आनंदानं गातात, गाऊ द्या की.

मामांनी आणखी एक फांदी शेरडापुढं धरली. मग शेरडाकडे बघतच म्हणाले, "मी गात होतो, सिस्टर. तुमाला ठावं न्हाई. पंचक्रोशीत माझ्यावानी गळा नव्हता."

मला खरंच ठाऊक नव्हतं. या माणसाला मी साधं गुणगुणताना ऐकलं नव्हतं. उपासनेत ओठ मिटून उभे राहतात, मला वाटायचं नवी गाणी आवडत नाहीत म्हणून.

"रूथ गेली तवा मीच गायलो. बापानंच गावं, आसं लोक म्हणले. तलवाड्याचे पाव्हणे आलते, लई माणूस जमलं होतं. पोरगी म्होरं ठिवलेली. गाणं संपलं आन मागून एकजण दुसऱ्याला म्हणला, काय गळा हाय बे ह्याचा." मामांनी पाल्याची फांदी खाली ठेवली. "आन मला बरं वाटलं, सिस्टर. पोरगी म्होरं पडलेली, आन मला बरं वाटलं."

चौतीस वर्षांत मी माणसांना शेकडो वेळा धीर दिलाय. काही होत नाही, उतार पडेल, देव आहे. त्या दिवशी यातलं एकही तोंडातून निघेना. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. या माणसाची मी वर्षानुवर्षं चहाबरोबर गंमत ऐकली होती. मी उठले आणि घरी आले. कमिटीला एवढंच कळवलं की मामा येणार नाहीत.

त्या आठवड्यात विशालच्या आईनं फडावरून मला फोन केला, गुडघ्याचं औषध विचारायला. बोलता बोलता हसायला लागली. म्हणाली, सिस्टर, मामांची पाठ दिसली आन आमी समदे पोट धरून हसलो, आन मंग रडलो. गाणी काय, फोनमधी कवाबी दिसत्यात. मामांची पाठ दिसल्यावर गावात बसल्यावानी वाटलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, माझ्या लग्नात मामा गायलते. नाताळाला एक गाणं म्हणतील का? आमच्यासाठी म्हणा म्हणावं.

मी विशालला तिच्याशी बोलायला लावलं. आईचं ऐकून त्यानं दुकानाचं शटर ओढलं. मग स्वतःच मामांच्या घरी गेला. काय बोलला, त्यानं मला सांगितलं नाही. परत आला तेव्हा मामांच्या धोतराला लागतात तशी कुसळं त्याच्या पँटीला होती, शेरडांजवळ बसला असणार. म्हणाला, येतो म्हणलेत. पण तोंड भिंतीकडं करून गाणार, आणि कुणी टाळी वाजवायची नाही.

नाताळाच्या सकाळी मामा धुतलेलं धोतर नेसून आले. बस्कर अंथरलं, पण बसले नाहीत. वेदीसमोर जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. विशालनं कीबोर्ड बंद केला. फोन त्यानं माझ्या हातात दिला. तिकडचा आवाज घुमू नये म्हणून बंद केला होता. पडद्यावर उसाचं पाचट, एक बैलगाडी आणि गोळा होऊन बसलेली आमची माणसं. मी फोन मामांच्या पाठीकडे धरला.

मामा गायले. जुनं गीत, सगळ्यांना पाठ असलेलं. आवाज सुरुवातीला कापला, मध्ये एकदा तुटलाही, पण दुसऱ्या कडव्याला असा काही लागला की पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मी तर उभ्या उभ्या सगळं विसरले. गीत संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. खोकलंसुद्धा नाही कुणी. मामांनी तिथंच थोडा वेळ मान खाली घातली.

मी फोनकडे पाहिलं. फडावरची माणसं टाळ्या वाजवत होती. आवाज येत नव्हता, नुसते हात दिसत होते. विशालच्या आईचे दोन्ही हात फडक्यांनी बांधलेले, पाचटानं कापलेले असणार. ती तशाच हातांनी वाजवत होती.

उपासना सुटल्यावर मामा लिंबाखाली उभे होते, नेहमीच्या जागी. मला हाक मारली. इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "तिकडं टाळ्या वाजल्या का?"

"नाही मामा," मी म्हटलं. रोग्याशी खोटं बोलायची सवय आहे मला.

"बरं झालं." त्यांनी चपला घातल्या. फाटकापर्यंत गेले. माझ्या जिवाला जरा शांतता वाटते न वाटते तोच परत फिरले.

"एकबी न्हाई?"

त्यांचा चेहरा बघून मला पुढचं खोटं बोलवेना. म्हटलं, "वाजल्या मामा. समद्यांनी वाजवल्या. विशालच्या आईनं बांधलेल्या हातानं वाजवल्या."

मामा सवयीनं म्हणाले, "कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

या टाळ्यांना उठून कुठं जाणार? बाहेरच तर उभे होते. त्यांनी टोपी काढली, तिनंच डोळे पुसले आणि परत घातली. मग म्हणाले, शेरडं उपाशी हायेत, आणि निघाले. मी फाटकाशी उभी राहून बघत राहिले. काखेत बस्कर नव्हतं. आत, पहिल्या रांगेत, तसंच अंथरलेलं राहिलं होतं. मी ते उचललं नाही. रविवारी येतीलच.