ऑपरेटरबाईंच्या कानातली शांतता

"एकटेपणा? छे हो! त्याचा मी पक्का बंदोबस्त केलाय!" ऑपरेटरबाईंनी जिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरींना सुनावलं. सुनावताना हात असा झटकला की एकटेपणा म्हणजे जणू ओट्यावरचं झुरळ. एकदा औषध मारलं की विषय संपला!

सेक्रेटरींनी काहीच विचारलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. ते बिचारे जिन्यातला बल्ब बदलत होते. पण बाईंना सकाळपासून बोलायला कोणी मिळालं नव्हतं, आणि स्टुलावर चढलेला माणूस पळून जाऊ शकत नाही!

बंदोबस्त मुलानं पाठवला होता. मुलगा इतक्या लांब राहतो की इकडे जेवणाची वेळ झाली की तिकडे झोपेची. तिथून त्यानं चांगले जाडजूड, कान झाकणारे हेडफोन पाठवले आणि फोनवर शिकवणीही घेतली.

"आई, यात डाव्या कानात एक सूर वाजतो आणि उजव्या कानात त्याच्याहून किंचित वेगळा. दोन सुरांमधला जो फरक असतो ना, त्याचा ठेका मेंदू स्वतःच तयार करतो. म्हणजे आत कुठेतरी हलकंसं वूंऽऽ वूंऽऽ असं वाटतं. मग मेंदूच्या लहरीपण त्याच ठेक्यावर येतात. मन शांत, मूड फ्रेश! एकटं वाटणार नाही तुला."

"बरं. आणि तू कधी येतोस?"

"आधी हे ऐकून तर बघ गं!"

बाईंनी सगळी नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढलेली. दिवसभर कानात कोणी ना कोणी असायचंच. कोणाला वॉर्ड हवा, कोणाला डॉक्टर हवा, कोणाला नुसतं रडायचं असायचं. घरी आल्या तरी कानात लाइन गुणगुणतच राहायची. यजमान म्हणायचे, "अगं, घरात तरी हॅलो म्हणून दार उघडू नकोस!" मग यजमान गेले, मुलगा गेला, नोकरीही संपली आणि कान अगदी रिकामे झाले. आता फोन यायचा तो फक्त कर्ज विकणाऱ्यांचा. बाई त्यांनाही सोडायच्या नाहीत. "जेवलास का रे? आवाज बसलाय तुझा, गरम पाणी पी," इथपासून सुरुवात व्हायची. शेवटी कर्जवालाच हात जोडून फोन ठेवायचा!

तर, बाईंनी फोनवर ब्लूटूथच्या जोडणीचं पान उघडलं. अक्षरं आणि आकड्यांची भलीमोठी नावं एकाखाली एक आली. बाईंनी सगळ्यात वरचं दाबलं. "जोडले गेले," असं फोन म्हणाला. हेडफोन चढवले, खुर्चीत बसल्या, डोळे मिटले, सूर सुरू केले.

काहीही ऐकू आलं नाही.

दुसरं कोणी असतं तर हेडफोन झटकून पाहिले असते. पण गुणगुणणाऱ्या लाइनवर हयात गेलेल्या बाईला असली चोख शांतता म्हणजे केवढी चैन! ना खरखर, ना कोणाचं "हॅलो हॅलो". "काय जालीम औषध आहे!" बाई पुटपुटल्या. "ऐकूसुद्धा येत नाही आणि काम करतंय!"

आणि खरंच, औषध काम करत होतं. फक्त ते बाईंच्या कानात न करता अख्ख्या बिल्डिंगच्या बाथरूममध्ये करत होतं!

संध्याकाळी सहाच्या सुमाराला सगळ्यांच्या बाथरूमच्या छोट्या खिडक्यांतून, म्हणजे त्या खिडक्या ज्या अंधाऱ्या डक्टमध्ये उघडतात तिथून, वूंऽऽ वूंऽऽ वूंऽऽ असा आवाज घुमायला लागला. तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई बाळाला अंघोळ घालत होती. बाळानं असा सूर लावला की दोन्ही आवाज मिळून चार मजले हादरले. सेक्रेटरी तोंडाला साबण लावलेले तसेच जिन्यात आले.

"पंप जळतोय!"

"पंप बंद आहे हो!"

"मग पाइपात हवा अडकली असणार!"

तळमजल्यावरून इन्स्पेक्टरसाहेब वर आले. पोलीस नव्हेत, वजनमापांचे! दुकानदारांचे काटे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. आता ते निवृत्त होते, एकटेच राहायचे आणि जिन्यात भेटले की "बरंय" एवढंच म्हणायचे. आज मात्र त्यांनी चक्क पूर्ण वाक्य उच्चारलं. "तळमजला मी स्वतः तपासलाय. तिथे काही नाही. वर बघायला हवं."

इन्स्पेक्टरांनी तपासलंय म्हटल्यावर पुन्हा कोण तपासतं! वरात वर निघाली आणि पहिल्या मजल्यावर बाईंच्या दाराशी थांबली.

बाईंनी हेडफोनमधून घंटी ऐकली नाही, पण दार हादरलेलं पायाखाली जाणवलं. त्यांनी सूर बंद केले, हेडफोन उतरवले आणि दार उघडलं. समोर एवढी माणसं! बाईंना क्षणभर वाटलं, आपणच गेलोय की काय आणि हे लोक भेटायला आलेत!

"बाई, तुमच्याकडे आवाज येतोय?"

"कसला आवाज? या ना, आत या. चहा टाकते."

माणसं आत आली, तर आवाज गायब! इन्स्पेक्टरसाहेबांनी भिंतीला कान लावला. सेक्रेटरींनी बाथरूममध्ये डोकं घातलं. काही नाही. चहा झाला, बिस्किटं झाली, बाळ बाईंच्या मांडीवर झोपून गेलं. मंडळी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. माणसं बाईंच्या घरी पोहोचली की आवाज बंद! सेक्रेटरींनी निष्कर्ष काढला, "आवाजाचं मूळ इथेच कुठेतरी आहे. इथेच दबा धरून बसायला पाहिजे." मग रोज सहाला दबा धरणं सुरू झालं. सूनबाई बाळाला घेऊन दबा धरायची, सेक्रेटरी पेपर वाचत दबा धरायचे. इन्स्पेक्टरसाहेब सगळ्यांच्या आधी यायचे, सगळ्यांच्या नंतर जायचे आणि मधल्या वेळात भिंतीला कान लावून दोन कप चहा प्यायचे. हसतही होते म्हणे! बाईंनी ठेवणीतले कप काढले. घरात इतका कलकलाट, की एक दिवस कर्जवाल्याचा फोन आला तर बाई तो न उचलताच म्हणाल्या, "आज वेळ नाही रे!"

"काय सांगू तुला," मुलाला त्यांनी कळवलं, "तुझ्या हेडफोननं जादू केली!"

जादू कशी चालते, ते बाईंना कळलं त्याच आठवड्यात. सूर नुकतेच सुरू केले होते आणि कानाला खाज सुटली. हेडफोन बाजूला केले, तर बाथरूममधून वूंऽऽ वूंऽऽ! बाईंनी फोनवर सूर थांबवले. आवाज थांबला. पुन्हा चालू केले. वूंऽऽ! म्हणजे हे हेडफोन एकदाही वाजलेच नव्हते! आपले सूर भलत्याच कुठल्या तरी यंत्राला जाऊन चिकटलेत आणि तिथून बिल्डिंगभर बोंबलतायत! कुठल्या यंत्राला, ते काही कळेना.

सरळ जाऊन सांगायला हवं होतं. बाई उठल्याही. पण दाराशी जाऊन थबकल्या. सांगितलं की आवाज बंद. आवाज बंद की दबा बंद. मग उद्या सहाला काय? परवा सहाला काय? बाईंना एकदम फार एकटं वाटलं. त्या परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि सूर चालू केले. वाईट वाटत होतं, पण घंटी वाजल्यावर वाईट वाटणं बरंच कमी झालं!

पण सेक्रेटरी गप्प बसणारे नव्हते. शनिवारी त्यांनी बाईंच्याच दिवाणखान्यात बैठक घेतली. प्लंबरही आला होता, आणि आल्या आल्या त्यानं बाथरूमच्या भिंतीवर अशी थाप मारली जणू खाटीक बकऱ्याला चाचपतोय.

"डक्टची भिंत फोडू. सगळे पाइप बाहेर काढू. दोन महिने बाथरूम बंद."

"दोन महिने!" सूनबाई किंचाळली. बाळानं तिला साथ दिली.

बाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला. आता बोलायलाच हवं! "मला जरा काही सांगायचंय," त्यांनी सुरुवात केली, आणि नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला. मुलगा! बाईंनी घाईघाईनं फोन कानाला लावला.

"हॅलो! हॅलो!"

फोनमध्ये चकार शब्द नाही. पण बाथरूममधून, धीरगंभीर, घुमणारा आवाज आला:

"आई! ऐकू येतंय का?"

बाथरूमच्या दारात उभ्या प्लंबरच्या हातातला पाना बादलीत पडला. सेक्रेटरी बाथरूमकडे धावले, त्यांच्यामागे सूनबाई, तिच्यामागे सगळी सभा. एवढ्याशा बाथरूममध्ये इतकी माणसं कोंबली गेली की प्लंबर नाइलाजानं कमोडवर चढला.

"आई, तुझ्याकडे एवढा गोंगाट कसला?" खिडकीतून आवाज आला. "पाहुणे आलेत का?"

बाईंनी फोनमध्ये ओरडून पाहिलं. फोनमध्ये बोलून त्याला ऐकू जात नव्हतं. शेवटी त्या बादलीवरून वाकल्या, डक्टच्या खिडकीला तोंड लावलं आणि ओरडल्या, "हो रे! शेजारचे आलेत!"

"अरे वा! म्हणजे आता एकटं वाटत नाही ना? मला टेन्शनच होतं, तुला कसं सांगू म्हणून. या सुट्टीतही यायला जमणार नाही गं. पण तुझ्याकडे इतकी माणसं आहेत म्हटल्यावर चालेल ना?"

नळ तेवढा ठिबकत होता.

"चालेल रे बाळा!" बाई खिडकीत ओरडल्या. "तब्येत सांभाळ!"

चालेल रे, चालेल रे, असं चारही मजल्यांवर घुमलं. मग फोन बंद झाला. बाई वळल्या, तर सगळे त्यांच्याकडेच बघत होते. ज्या गोष्टी माणूस उशीलाही सांगत नाही, त्या आज अख्ख्या बिल्डिंगला ऐकवून झाल्या होत्या. बाईंनी पदरानं नाक पुसलं आणि सगळं सांगून टाकलं. हेडफोन, सूर, जोडणी, आणि कळूनही गप्प बसल्या ते.

सूनबाईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सेक्रेटरी ओरडणार होते, पण नुसताच घसा साफ केला. मग त्यांना काहीतरी सुचलं. "पण आवाज खालून येत होता! इन्स्पेक्टरसाहेब, तुमच्या बाथरूममधून!"

इन्स्पेक्टरसाहेब भिंतीला कान लावून उभे होते, तसेच उभे राहिले. "दाढी करताना गाणी ऐकायला एक छोटा स्पीकर ठेवलाय तिथे. खिडकीत," ते भिंतीला म्हणाले. "त्यालाच बाईंचा फोन जोडला गेला असेल. त्यात बोलायचीही सोय आहे."

"हात्तिच्या! चला, प्रश्न सुटला!" सेक्रेटरींनी टाळी वाजवली. "भिंत वाचली!" प्लंबर कमोडवरून उतरला, सूनबाईनं बाळ उचललं, आणि जो तो हसत हसत आपापल्या घरी गेला. प्रश्न सुटला होता ना! मग बसायचं कशाला?

मागे उरले फक्त इन्स्पेक्टरसाहेब.

"साहेब, एक विचारू?" बाई म्हणाल्या. "तुमच्या खिडकीत वाजत होता, तर तुम्हाला कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बंद का नाही केलात?"

साहेबांनी चपला घातल्या. डाव्या पायात उजवी. परत काढल्या, नीट घातल्या. "बंद केल्यावर तुमच्याकडे यायचं कशासाठी, ते सुचेना," ते म्हणाले, आणि "बरंय" म्हणून जिना उतरून गेले.

त्यानंतर आठवडा गेला. सहा वाजायचे, घंटी वाजायची नाही. सूनबाई जिन्यात भेटली की "येते हं मावशी एकदा!" म्हणायची, पण बाळवाल्यांचं एकदा कधी येतं! साहेब तर जिन्यातही दिसेनात. ते लाजले होते, आणि बाईही लाजल्या होत्या. आपणहून खाली जाऊन काय म्हणायचं? त्या रोज चहा करायच्या, एकाच कपाचा, तोही अर्धा उरायचा. हेडफोन आता नीट जोडले होते. डावा सूर, उजवा सूर, मधला ठेका, सगळं मुलानं सांगितल्याप्रमाणे वाजत होतं. मेंदूच्या लहरी शांत झाल्या असतीलही. बाईंना मात्र डोळे मिटले की घर आणखीच मोठं वाटायचं.

एका संध्याकाळी बाईंनी हेडफोन काढून कपाटात टाकले. फोनवर ती नावांची यादी उघडली, सगळ्यात वरचं नाव शोधलं आणि या खेपेला अगदी जाणूनबुजून दाबलं. "जोडले गेले." म्हणजे खाली स्पीकर चालूच होता! बाईंना उगीचच लाज वाटली. साहेबांनी तो आता टेबलावरच ठेवला असणार, फक्त त्यांनाच ऐकू जाईल, असा हिशेब करून त्यांनी सूर सुरू केले, केस सारखे केले आणि दोन कपांचं आधण ठेवलं.

पाणी कोमटही झालं नसेल, घंटी वाजली.

बाईंनी दार उघडलं. इन्स्पेक्टरसाहेब उभे होते, मान खाली, कान लाल.

"सवयीनं खिडकीतच राहिला हो," ते कुजबुजले.

त्यांच्यामागे तोंडाला साबण लावलेले सेक्रेटरी होते. त्यांच्यामागे ओल्या बाळाला टॉवेलात गुंडाळलेली सूनबाई, आणि जिन्यावर वरपर्यंत बाकीची बिल्डिंग. सगळे बाईंकडे रोखून बघत होते.

बाईंनी चेहरा जमेल तितका ओशाळा केला आणि आधणात पाणी वाढवायला आत पळाल्या.