बाहुली हलली!

परशुरामभाऊ भेटले की ‘काय, बरं आहे ना?’ वगैरे विचारत नाहीत. खिशातून टॉर्च काढतात, काचेवर निळा जिलेटीन कागद लावतात आणि थेट आपल्या डोळ्यावर धरतात. “हलू नको. बाहुली बघू दे.” मग मोठ्याने मोजतात, “एक, दोन, तीन…”

माझं पेणला इलेक्ट्रिकचं दुकान. गिऱ्हाईक बिचारं ट्यूब घ्यायला आलेलं असतं आणि भाऊ त्याच्या नाकासमोर उभे! “लाल उजेडात बाहुली आकसते, पण लगेच सैलावते. निळ्यात बारीक झाली की बराच वेळ बारीकच. बाहुली खोटं बोलत नाय.” एका बाईंनी तर त्यांना डॉक्टर समजून चष्म्याचा नंबर विचारला. भाऊंनी गंभीरपणे सांगितलं, “नंबर ठाऊक नाय. पण बाहुली झकास हाय.”

भाऊ पेणजवळच्या जोहे गावचे. गणपतीच्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात, आणि असा हात पंचक्रोशीत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर मात्र कधी सांगणार नाही. कारखान्याचा मालक गिऱ्हाइकाला मूर्ती किती फुटी हवी ते विचारतो. भाऊ विचारतात, “मखरात लायटिंग कुठल्या रंगाची?” निळी असेल तर देवाची बाहुली बारीक, लाल असेल तर मोठी.

गेल्या गणपतीत रोह्याच्या एका घरी लाल सांगून निळी माळ लावली. फोटो बघून भाऊ हबकले. प्रतिष्ठापना झालेली, आता मूर्तीला कुंचला लावायची सोय नाही. माझ्याकडून लाल माळ उचलून ते तडक रोह्याला गेले. आरती संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले आणि मग यजमानांना म्हणाले, “देवाचे डोळे आता बदलायचे नाय. उजेड बदला.” त्यांनी मुकाट्याने बदलला.

परवा दुपारी एक निळा बल्ब द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. खिडक्या लावलेल्या. भाऊंच्या पत्नीला, सुमनवहिनींना, आठ वर्षांपासून दिसत नाही. डोळ्यातला पडदा निकामी झालाय. त्यांच्यासमोर बसून भाऊ टॉर्च धरून होते. आधी लाल कागद. काही नाही. मग निळा. भाऊंचे ओठ मोजत होते, आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने बाहुली हळूच आकसली.

“हलली गो!” भाऊ ओरडले. “उजेड पोचतोय अजून.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “डॉक्टर बोललेत, याने दिसायला लागणार नाय. व्हय, ठाऊक हाय. पण येक दिवस ही बाहुली पण हलायची बंद झाली तर? चांगल्या डोळ्याला किती वेळ लागतो, हिला किती, ते नको कळायला? म्हणून सगळ्यांचे बघत फिरतो.”

मला माझीच लाज वाटली. आठ वर्षं मी या माणसाची चेष्टा करत होतो.

भाऊ पाणी आणायला आत गेले. मी हळूच विचारलं, “वहिनी, खरंच काही जाणवतं?”

“नाय वो, काळोखच हाय. पण बघताना ते श्वास धरतात. ‘हलली’ बोलताना सोडतात, तो माझ्या गालावर येतो.” वहिनी हसल्या. “म्हणून मी पापणी हलवत नाय.”