अकरा थेंब पाणी

नाना वैजापुरे रोज सकाळी साडेसहाला आमची बेल दाबतात आणि चिमटीत एक कागदाचं फूल धरून म्हणतात, "सेक्रेटरी, एक थेंब द्या." थेंब पाण्याचा, आमच्याच नळाचा. बिल्डिंगीत बारा फ्लॅट, बारावा त्यांचा. म्हणजे रोज अकरा बेला. मी सोसायटीचा सेक्रेटरी, तेव्हा माझी झोप मोडायचा आपल्याला खास हक्क आहे असं त्यांचं ठाम मत.

नाना कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक होते. जन्मभर पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्या गोळा केल्या. रिटायर झाले, पाठोपाठ काकू गेल्या, आणि मग त्यांना कागदानं झपाटलं. गाळणकागदावर मेणाच्या खडूनं फूल काढायचं, वरून गरम इस्त्री फिरवायची. मेण कागदात आरपार उतरतं आणि त्याच्या भिंती होतात. मधोमध थेंब टाकला की पाणी त्या भिंतींमधल्या बोळांतून आपोआप पाकळ्यांपर्यंत जातं. एका पाकळीत हळद, दुसरीत जास्वंदीचा रस, तिसरीत एक औषध, ज्याचं नाव आमच्यात कुणालाच नीट घेता येत नाही. पाकळीचा रंग पालटला की पाण्यात काय गडबड आहे ते कळतं.

"पंप नाय, लाइट नाय, लॅब नाय," नाना म्हणतात. "आन कागद कुणाची भीडभाड ठेवत नाय."

घरात इस्त्री एकच. आधी फुलं, मग शर्ट. त्यामुळे त्यांच्या झाडून सगळ्या पांढऱ्या शर्टांवर मेणाची फुलं उमटलीत, आणि उन्हाळ्यात नानांचा घाम पाठीवरून आखून दिलेल्या रस्त्यानंच वाहतो. मी स्वतः बघितलंय.

बरं, नळावर थांबतील तर नाना कसले! सात नंबरच्या बाईंच्या पुतणीला बघायला बाहेरगावचे पाहुणे आले होते. नाना बोलावल्याशिवाय गेले आणि मुलाच्या आईच्या सरबतात फूल बुडवलं. जास्वंदीची पाकळी लिंबानं लालभडक झाली. नानांनी ती सगळ्यांना फिरवून दाखवली. "लई आम्ल आहे, पण घाबरू नका," म्हणाले. सातही ग्लास ट्रेमध्ये परत गेले. लग्न जमलं, पण साखरपुड्याला ती मंडळी स्वतःचं पाणी घेऊन आली.

मी त्यांच्याशी रोज भांडायचो. अहो, गच्चीवर टाकी एक, टँकर एक, पाणी एक. एका घरचा थेंब घ्या आणि बाकीच्यांना झोपू द्या! त्यावर नाना शांतपणे म्हणायचे, "टाकी एक आहे सेक्रेटरी, नळ बारा आहेत." असल्या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

शेवटी आठ नंबरनं कहर केला. फ्लॅट रिकामा झालेला, घ्यायला एक कुटुंब आलं. जिन्यात नाना भेटले. त्यांनी फूल उजेडात धरलं आणि आनंदानं सांगितलं, "आज पाणी चांगलं आहे." त्या 'आज'नं ते कुटुंब जे खाली उतरलं ते परत आलं नाही. तीन नंबरच्या जोशीबाई आधीपासूनच पेटल्या होत्या. रविवारी मीटिंग ठरली, विषय एकच: नानांची फेरी बंद. पुरावा म्हणून त्यांचे जुने कागद आणायचं काम माझ्याकडे आलं. खोटं कशाला बोलू, मी खुशीत वर गेलो.

नानांनी बुटांचं खोकं पुढं केलं. फुलं दोऱ्यानं बांधलेली, रोजची वेगळी जुडी. समोरून सगळी सारखीच. मी हसलोच. मग एक उलटं केलं. मागं पेन्सिलीनं बारीक अक्षर होतं.

'तीन. दार उघडायला उशीर. गुडघा असावा.'

'सात. पुतणी सासरी गेली. बाई रडलेल्या.'

'नऊ. आजोबा आज स्वतः आले दाराशी.'

आणि आमचं? 'दहा. सेक्रेटरी चिडला. नॉर्मल.' जवळजवळ प्रत्येक जुडीत हेच.

मी विचारलं, नाना, हे काय? ते शर्टावरचं मेण नखानं खरवडू लागले.

"तुमची काकू गेली त्याच्या नंतरच्या उन्हाळ्यात मी दोन दिवस तापानं पडून होतो. फुलं नव्हती तेव्हा. कुणाला कळलंच नाय. तुमचा दोष नाय, कळणार कसं? मग म्हटलं, रोज एकदा दार उघडतं का बघावं. पण नुसतंच दार वाजवलं तर माणूस काय म्हणंल? पाण्याचं बरं पडतं."

मी त्यांच्या अगदी खालच्याच फ्लॅटमध्ये राहतो. दोन दिवस वर पावलं वाजली नव्हती आणि मला पत्ता नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी एका जुन्या जुडीतली फुलं मोजली. अकरा. बारा नंबरचं कुठंय?

"माझी बेल मी कशी दाबणार? मी तर आत असतो."

मीटिंगमध्ये तो विषय मी घेतलाच नाही, टाकी धुवायचं काढलं. दोघांनी आठवण करून दिली, पण माझा चिडका स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे.

सोमवारी सव्वासहालाच मी खोक्यातून ढापलेलं एक कोरं फूल घेऊन वर गेलो आणि बेल दाबली. दार उघडायला वेळ लागला. तेवढ्यात मी आणखी दोनदा बेल दाबली.

"एक थेंब द्या," मी म्हणालो.

नानांनी आधी मला पाहिलं, मग फुलाला. "उलटं धरलंय," म्हणाले, आणि आतून चमच्यात पाणी घेऊन आले. मी थेंब टाकला, कागद तसाच भिंतीला लावून मागं लिहिलं: 'बारा. दार उघडलं. नॉर्मल.' पेन्सिल ओल्या कागदात घुसली.

"रंग यायचाय अजून," नाना म्हणाले. "दहा मिनिटं लागतात. आत या, चहा टाकतो."

चहा झाला, काकूंचे फोटो झाले, पुन्हा चहा झाला. मग आमची ही धापा टाकत वर आली. जिन्यात जोशीबाई भांड्यात पाणी घेऊन उभ्या आहेत, म्हणाली, मागं नऊ नंबरचे आजोबा, सातवाल्या बाई, सगळे विचारतायत, साडेसात होत आले, आज नाना का नाही आले?