जपानात 'येतो'च म्हणतात

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या जपानी नाटकात शेवटच्या प्रवेशात मी एक शब्द विसरलो, असं सगळं मेहकर समजतं. मी विसरलो नव्हतो. तो शब्द मी मुद्दाम बदलला होता.

पण त्याआधी पुंजाजीभाऊंची ओळख करून द्यायला हवी. नाटक त्यांचं होतं आणि जपानही त्यांचाच होता.

पुंजाजीभाऊ माझे शेजारी, भिंतीला भिंत लागून. धंदा मंडप डेकोरेशनचा. आमच्याकडे लग्न असो की तेरवी, खुर्च्या आणि पडदे भाऊंचेच. हा माणूस सकाळी ओट्यावर उभा राहतो आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला कमरेतून वाकतो. हात जोडत नाही, हात मांड्यांना चिकटवतो. भाजीवालीला वाकतो, पोस्टमनला वाकतो. एकदा म्हशीला वाकला. मागून तिचा मालक येत होता, त्याच्यासाठी वाकलो, असं भाऊंचं म्हणणं.

"जपानात असंच असते, मास्तर," हे त्यांचं पालुपद. चहा फुरकून प्यायलेला जपानात चालत नाही. लग्नाला उशिरा आलेलं जपानात चालत नाही. गल्लीतल्या पोरांनी तर त्यांचं नावच 'जपान' ठेवलं आहे. भाऊ स्वतः नागपूरच्या पुढे गेलेले नाहीत. त्यांचा सगळा जपान एका दुपारी टीव्हीवर लागलेल्या जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमातून आला, आणि त्याचाही शेवट त्यांनी पाहिलेला नाही, कारण लाइन गेली होती.

नाटकाचं बी मात्र मीच पेरलं. मी शाळेत मराठी शिकवतो. एकदा ओट्यावर बसून मी त्यांना एका जुन्या विलायती शोकांतिकेची गोष्ट सांगितली. एक शूर सरदार असतो. बायकोच्या बोलण्यात येऊन तो घरी मुक्कामाला आलेल्या राजाला मारतो. राज्य मिळतं, पण दोघांचीही झोप उडते, आणि शेवटी बायको जीव देते.

"घरी आलेल्या पाहुण्याले मारलं?" भाऊ म्हणाले. "जेवला होता का तो?"

"हो. मेजवानी झाली होती."

"जेवू घालून मारलं!" भाऊंनी ओट्यावर हात आपटला. मग म्हणाले, "हे आपण करू. जपानात करू."

जपान कशाला, असं मी विचारलं. त्यांचं उत्तर मला अजूनही बिनतोड वाटतं. "हे पाह्य मास्तर, सिंदखेडराजा आपल्या उशाशी. स्टेजवर आपला राजा मारला तं लोक आपल्याले मारतीन. इंग्रजाचा राजा मारला तं लोक टाळ्या वाजवतीन, मंग दुःख कायचं? जपानी राजाशी आपलं ना वैर ना सोयरिक. त्याले मारलं तं लोक नुसते पाहतीन. आपल्याले तेच पाह्यजे."

हौशी नाट्यस्पर्धा बुलढाण्याला होती. मंडपाच्या गोदामात तालमी सुरू झाल्या. जपानी महालाच्या सरकत्या कागदी भिंती भाऊंनी पतंगाच्या कागदाच्या केल्या. कूलर बनवणाऱ्याकडून पत्र्याच्या तलवारी आणल्या, चिलखतं सोफ्याच्या रेक्झिनची आणि डोक्यावरचे बुचडे बायकांच्या गंगावनांचे. सगळ्यांनी गुडघे मोडून टाचांवर बसायचं होतं. राजाचं काम शेषराव किराणावाल्याकडे होतं. त्यांना तसं बसवायला दोन सरदार लागत आणि उठवायला तीन.

शेषरावांचा आणि भाऊंचा रोज वाद व्हायचा, तो मरण्यावरून.

"तलवार लागली का पड," भाऊ ओरडायचे. "जपानात इतका वेळ नाही लावत!"

"थोडं तं मरू द्या ना, भाऊ! सासरवाडीची माणसं येऊन राह्यली पाहाले."

सरदार अर्थातच भाऊ. त्याच्या बायकोचं काम करायला कोणी बाई मिळेना. मग ते माझ्याकडे आलं. मी मिशी काढली. सातवीच्या वर्गाला महिनाभर पुरेल एवढं हसू मी त्या एका दिवसात पुरवलं.

आता गोदावहिनींचं. भाऊंच्या पत्नी, माहेर अमडापूरचं. मूलबाळ नाही. नवऱ्याच्या जपानाला त्या कधी आडव्या गेल्या नाहीत. चटया नेल्या, बोलल्या नाहीत. तांदळाची कोठी राजवाड्यात गेली, तरी बोलल्या नाहीत. पण सरदाराच्या बायकोला झगझगीत झगा हवा होता. भाऊंनी पेटीतून वहिनींचा लग्नातला शालू काढला आणि न विचारता शिंप्याकडे दिला. शालू होऊन गेला झगा, मोठ्या बाह्यांचा, माझ्या मापाचा.

वहिनींना कळलं तेव्हा दुपार होती. भांडण झालं नाही, निदान भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं त्या पिशवी घेऊन दारात आल्या. मी ओट्यावर होतो. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडताना 'येतो' म्हणतो, बायासुद्धा 'येतो'च म्हणतात. 'जातो' हा शब्द उंबऱ्यावर उच्चारायचा नसतो. तो मेलेल्यासाठी ठेवलेला असतो. वहिनी आत पाहून, आवाज न चढवता म्हणाल्या, "जातो मी." आणि बसस्टँडकडे चालू लागल्या.

माझ्या अंगावर काटा आला. हे इथं नोंदवून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या काट्यामुळे झालं.

भाऊ त्यांना आणायला गेले नाहीत. विचारलं तर म्हणत, "येईन तुह्यी वहिनी. जपानी बाई असती तं गेलीच नसती." मात्र दोन दिवसांनी त्यांनी नाटकात एक वाक्य घातलं. सरदाराची बायको जीव द्यायला निघते, कागदी दार सरकवते, वळते आणि म्हणते, "येतो मी."

मी हसलो. "भाऊ, ती मरायला चालली आहे. येतो काय?"

"येतोच म्हणायचं."

"अहो, तिथं 'जातो' पाहिजे. अख्खं थेटर हादरेल."

"नाही बे. जपानात बी घरातून निघताना 'येतो'च म्हणतात."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मले माहीत आहे," भाऊ म्हणाले आणि पत्र्याच्या तलवारीला पोचे आले होते ते ठोकत बसले. ही थाप आहे हे मला स्पष्ट दिसत होतं. भाऊंचा जपान गरजेप्रमाणे वाढायचा. मी वाद सोडला. तालमीत मुकाट्यानं 'येतो' म्हणत राहिलो.

बुलढाण्याचा प्रयोग चांगला चालला. पहिल्या प्रवेशातच मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "कुठला राजा होय बे हा?" कोणीतरी म्हणालं, "जपानचा." "मंग आपल्यासारखा काऊन बोलून राह्यला?" "शिकला असंन इथं राहून." एवढ्यावर लोकांचं समाधान झालं. शेषराव मनसोक्त मेले. सासरवाडीनं टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यांनी डोळे उघडून पाहिलंही.

मग माझा प्रवेश. मी दार सरकवलं. सभागृह एकदम शांत होतं. ती शांतता पाहून मला मोह झाला. त्या दुपारचा ओटा आठवला, वहिनींचा आवाज आठवला. मी त्यांच्यासारखीच मान किंचित वळवली, आवाज न चढवता, अगदी त्यांच्या सुरात म्हणालो, "जातो मी."

थेटर खरंच हादरलं. कोणीतरी 'आई गं' म्हणालं. आणि तिसऱ्या रांगेतून गोदावहिनी उठल्या.

त्या आल्या आहेत हे मला माहीत नव्हतं. भाऊंनी वहिनींच्या भावाकडून निरोप धाडला होता, एक डाव येऊन पाह्य, मग काय ठरवायचं ते ठरव. हे मला मागाहून कळलं. वहिनींनी पाहिलं ते एवढंच: आपला शालू फाडून शिवलेला झगा घालून मास्तर उभा, आणि आपल्या नवऱ्याच्या नाटकात, आपलाच शब्द, आपल्याच आवाजात, चारचौघांत. रांगेतले पाय चुकवत त्या सभागृहाच्या दाराकडे गेल्या. भाऊ तेव्हा रंगमंचावर पाठमोरे उभे होते. माझा शब्द ऐकून ते वळले. वळायचं ठरलेलं नव्हतं. त्यांना उघडं दार दिसलं आणि त्यातून बाहेर पडणारी पाठ दिसली. मग त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं. एकही शब्द खाल्ला नाही.

मला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. परत येताना सामानाच्या टेम्पोत भाऊ शेजारी बसले होते. चिखली मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "इसरला का बे?"

"हो भाऊ," मी म्हणालो. "ऐनवेळी विसरलो."

"होते," ते म्हणाले. "तालमी कमी पडल्या. माह्यीच चूक." आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. दिवसभर टाचांवर बसून तो दुखत असेल, असं त्यांना वाटलं असावं.

वहिनी अमडापूरलाच राहिल्या. त्यांनी भावाजवळ एवढंच सांगितलं म्हणे, की त्यानं माहा तमाशा केला. भाऊंनी खुलासा केला नाही. खुलासा करायचा तर मास्तर चुकला असं सांगावं लागलं असतं, आणि नटाची चूक दिग्दर्शकानं बाहेर सांगायची नसते. जपानात तर नसतेच.

मागे मोबाइलवर जपानी भाषा शिकवणाऱ्या एका बाईंचा व्हिडिओ सहज समोर आला. घरातून निघताना तिथं काय म्हणतात ते त्या समजावत होत्या. अर्थ सांगितला: 'जाऊन येतो.' मी तो पुन्हा पुन्हा लावला. भाऊंच्या सगळ्या जपानात जी गोष्ट मी हमखास थाप समजून चाललो होतो, तीच खरी निघाली. भाऊंना ती ठाऊक होती की योगायोगानं जुळली, हे विचारायची माझी छाती नाही. विचारलं तर पुढचंही बोलावं लागेल.

भाऊ आता एकटेच असतात. मंडपाची ऑर्डर असली की सकाळी कुलूप घेऊन बाहेर येतात, दार ओढतात आणि कडी लावण्याआधी आत तोंड करून, घरात कोणी असल्यासारखं, मोठ्यानं म्हणतात, "येतो!" मग कुलूप लावून वाकतात.

एकदा मी विचारलं, "कोणाला म्हणता, भाऊ?"

"घराले," ते म्हणाले. "सवय सुटली तं मंग तुह्यी वहिनी आल्यावर लाज वाटंन."

अमडापूर इथून लांब नाही. चिखलीला गाडी बदलली की दुपारपर्यंत माणूस पोचतो. मी अजून गेलेलो नाही. वहिनींसमोर उभं राहून मला सांगायचं आहे, की भाऊंनी 'येतो' लिहिलं होतं, 'जातो' मी म्हणालो. तेवढं माझ्याकडून देणं आहे.